खांदा दुखला तेव्हा

काका सोलापूरकडचे शेतकरी, वय 58. लिव्हरच्या उजव्या बाजूला सात सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ. सिरोसिस, म्हणजे लिव्हर आकसून निकामी होत जाणं, इतका की, गाठ कापली तर उरलेलं लिव्हर पुरणार नाही, असं सर्जननी स्पष्ट सांगितलं. म्हणून ते आमच्याकडे, कॅथलॅबमध्ये आले, जिथे रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून उपचार करतात.

लिव्हरला तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं, ही गाठ मात्र जवळजवळ सगळी धमनीवर पोसते. त्या धमनीतून केमोचं औषध थेट गाठीत सोडायचं आणि मागून वाट बुजवायची, एवढंच आमचं काम. औषध म्हणजे लाल डॉक्सोरुबिसिन आणि लिपिओडॉल, म्हणजे खसखशीच्या तेलापासून केलेलं औषध. दोन सिरिंजांमध्ये पुढे-मागे ढकलत ते एकजीव करावं लागतं. घाई केली की तेल-पाणी वेगळं होतं. आमच्या सिस्टर ते इतकं दाट, एकसारखं करतात की मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

जांघेतून कॅथेटर, म्हणजे ती नळी घातली, एक्स-रेत दिसणारा डाय सोडला. गाठ डायने भरली, पण वरचा, डायफ्रॅमला (छाती आणि पोटामधल्या पडद्याला) चिकटलेला भाग रिकामाच राहिला. सीटीत तो स्पष्ट होता. बाहेर दोन केसेस थांबलेल्या. 'तेवढं पुढच्या वेळी बघू,' असं सहकारी म्हणाला. असं म्हणूनच गाठी अर्ध्या राहतात.

त्या भागाला रक्त दुसरीकडून येत असणार. ती डायफ्रॅमची उजवी धमनी शोधायला चाळीस मिनिटं गेली. महाधमनीतूनच निघाली होती, सुरुवातीलाच वळसा घेऊन. 0.8 मिलिमीटरचा मायक्रोकॅथेटर आत सरकला, डाय दिला आणि तो रिकामा कोपरा भरून आला. औषध सोडताना काका म्हणाले, "सायेब, खांदा लई ठणकाया लागला." डायफ्रॅमची कळ खांद्यातच उमटते. मी म्हटलं, "काका, जागा बरोबर सापडलीय, थोडं सोसा." त्यांनी डोळे मिटले.

बाहेर त्यांच्या मुलाने सातबाऱ्याच्या पिशवीतून एक चिठ्ठी काढली. आठ वर्षांपूर्वी रक्तदान शिबिरानंतर आलेली: हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. हा लिव्हरचा विषाणू, घरात एकाकडून दुसऱ्याला लागू शकतो, आणि त्यातूनच सिरोसिस आणि अशी गाठ होऊ शकते. चिठ्ठी घेऊन काका एका डॉक्टरकडे गेले, त्यांनी 'दारू पिऊ नका' एवढंच सांगितलं. काकांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, विषाणूच्या गोळ्या लागतात का ते बघून घ्या, हे कुणीच बोललं नाही. सोनोग्राफी होत राहिली असती, तर गाठ दोन सेंटिमीटरची असतानाच दिसली असती, असं मला राहून राहून वाटतं. चाळीस मिनिटं मी एका धमनीसाठी घालवली. ती चिठ्ठी वाचायला कुणाला पाच मिनिटं नव्हती.

तीन दिवस ताप आला, तो येतोच. महिन्याने सीटी केला. वरच्या कोपऱ्यात तेल पांढरं घट्ट बसलंय, खालच्या कडेची एक पट्टी अजून डाय घेते, म्हणजे तिथे गाठ जिवंत आहे. दुसरी फेरी लागणार.

मुलाला विचारलं, "घरच्यांची रक्ततपासणी झाली?"

"ज्वारी काढली की करतो, साहेब."

मी फॉर्म तिथेच भरला आणि सिस्टरना म्हटलं, याचं रक्त आत्ताच घ्या. रिपोर्ट उद्या येणार आहे.