अकरावी तक्रार

हिंजवडीतील एका कार्यालयीन इमारतीची देखभाल मी गेली नऊ वर्षे पाहतो. एप्रिलमधल्या त्या दिवशी बाहेर पारा ३९ अंशांवर गेला असताना तिसऱ्या मजल्यावरच्या लेखा विभागातून थंडी वाजत असल्याची तक्रार आली. पंधरवड्यातली ती अकरावी तक्रार होती. आधीच्या दहाही तक्रारी ‘तापमान २४ अंश, योग्य आहे’ असा शेरा मारून बंद झाल्या होत्या आणि प्रत्येक शेऱ्याखाली माझी सही होती. या वेळी मात्र तक्रारीत एक वाक्य जास्तीचे होते: ‘आकडा पाहू नका, एकदा इथे येऊन बसा.’

तापमापक घेऊन मी वर गेलो. मॅडम शाल पांघरून काम करत होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या एसीच्या जाळीला सेलोटेपने कागद चिकटवलेले होते. त्यातल्या एकाचा कोपरा सुटून हवेने फडफडत होता आणि त्यावर मागच्या तिमाहीचा ताळेबंद छापलेला दिसत होता. मी शेजारच्या खुर्चीत तासभर बसलो. साडेअकराला तापमापकावर २०.८ अंश होते. त्याच वेळी खाली फोन केला, तर ऑपरेटर म्हणाला, ‘‘साहेब, स्क्रीनवर चोवीसच आहे.’’

त्याचे म्हणणे खरे होते. सहा महिन्यांपूर्वी त्या मजल्यावर पार्टिशन घालून बैठकीची एक खोली केली होती. नकाशा मंजूर करताना मी विजेच्या तारा तपासल्या, स्प्रिंकलर तपासले; पण खांबावरचा तापमानाचा सेन्सर पार्टिशनच्या आत जातो आहे, हे माझ्या लक्षातच आले नाही. रोज अकरा वाजता आठ-दहा माणसे दार लावून त्या खोलीत बसत, खोली तापे, सेन्सर थंड हवा मागे आणि ती हवा साऱ्या मजल्यावर सुटे. स्क्रीनवरचे २४ अंश हे त्या बंद खोलीचे होते. तक्रारींच्या वेळा मी कधी एकाखाली एक मांडून पाहिल्या असत्या, तर सगळ्या अकरानंतरच्या आहेत हे पहिल्याच आठवड्यात दिसले असते.

डेन्मार्कच्या फॅन्गर यांनी १९७० मध्ये मांडलेले सूत्र आमच्या व्यवसायात सर्वांना ठाऊक असते. हवेचे व भोवतालच्या पृष्ठभागांचे तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, कपडे आणि कामाचे स्वरूप यांवरून किती माणसे नाराज राहतील याचा अंदाज त्यातून बांधता येतो. आणि सगळे अगदी जुळून आले तरी ५ टक्के लोक नाराज राहतातच, असे ते सांगते. मॅडमना मी मनातल्या मनात त्या ५ टक्क्यांत बसवून मोकळा झालो होतो, याची मला आजही खंत वाटते.

सेन्सरची केबल फॉल्स सीलिंगमधून फिरवावी लागणार असल्याने काम शनिवारीच होणार होते. मी विभागातल्या सर्वांना एकत्र बोलावून चूक कोठे झाली, ती माझ्या नजरेतून कशी सुटली आणि दुरुस्ती कधी होईल, हे सांगितले. त्यानंतरचे दोन दिवस तापमान २१ अंशांच्या आसपासच होते, तरीही एकही तक्रार आली नाही. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात वापरातल्या इमारतींचे जे अभ्यास झाले, त्यांत तक्रारीची तत्परतेने दखल घेतली गेली की रहिवासी इमारतीचे बरेच दोष पोटात घालतात, असे आढळले होते. हे मी पूर्वीच वाचले होते. त्या दोन दिवसांत ते प्रत्यक्ष पाहिले.

शनिवारी सेन्सर मॅडमच्या टेबलाजवळच्या खांबावर आला. सोमवारी त्यांनी शिडी मागवून घेतली आणि जाळीवरचे कागद स्वतःच्या देखरेखीखाली काढून घेतले. टेपचे चिकट डाग तेवढे राहिले. बुधवारी बैठकीच्या खोलीतून उकडत असल्याचा फोन आला. स्क्रीन न पाहताच मी तापमापक उचलला आणि जिना चढू लागलो.