चार मंगळवार

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज काका आमच्या मॉडेल रेल्वेच्या क्लबात आले. खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, काठी टेकत. इथे इंग्लंडात ८१ वर्षांच्या माणसालाही सगळे नुसत्या नावाने हाक मारतात. मला ते अजून जमत नाही, म्हणून मनातल्या मनात काका.

मधल्या चार मंगळवारी आमची पुरती शोभा झाली. पहिल्या मंगळवारी हॉलचं दारच उघडेना. किल्ली एकच, ती काकांच्या खिशात. चाळीसेक वर्षांत दुसरी करून घ्यावी असं कोणाला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या मंगळवारी गाड्या अडखळायला लागल्या. छोट्या इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते, १२ व्होल्ट. चाक आणि रूळ यांच्यात बारीक ठिणग्या उडतात, काजळी धरते, तिच्यावर धूळ आणि तेल बसतं. मग इंजिन जागच्या जागी ठप्प. आम्ही दहा शहाणी माणसं इंजिनं उताणी करून, त्यांची पोटं उघडून बसलो. इंजिनं ठणठणीत होती. काका दर मंगळवारी आमच्याआधी तासभर येऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये चिंधी बुडवून रूळ न् रूळ पुसत होते, हे कपाटात चिंध्यांचा डबा सापडला तेव्हा कळलं. मी सहा वर्षं क्लबात आहे. रूळ आपोआप स्वच्छ राहतात असं वाटायचं का मला? वाटायचं बहुतेक.

तिसऱ्या मंगळवारी हॉलचं भाडं थकल्याची चिठ्ठी दाराला. चौथ्या मंगळवारी गाडीचा रूळ बदलणारा एक सांधा फिरेना. फळीखाली वाकून पाहिलं तर प्रत्येक तारेला कागदाची चिकटपट्टी आणि तिच्यावर त्यांच्या अक्षरात नंबर. त्या नंबरांची वही मात्र त्यांच्या घरी.

मी नेरळची. माथेरानची गाडी करायची म्हणून क्लबात आले तेव्हा ते एकटेच ग्राफ पेपर घेऊन शेजारी बसले होते. इथली बहुतेक मॉडेलं १:७६ ची, म्हणजे खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्श्याची. नेरळ-माथेरानचे रूळ दोन फूट अंतराचे, म्हणजे या मापात ८ मिलिमीटर. तसे तयार मिळत नाहीत, पण एन गेज नावाच्या आणखी छोट्या मॉडेलांचे ९ मिलिमीटरचे मिळतात. त्याला इथे डबल-ओ-नाइन म्हणतात. मिलिमीटरभर चूक. मी कुरकुरले, तर म्हणाले, आमच्या मोठ्या गाड्यांच्या मापात याहून जास्त चूक आहे. खरंच आहे. त्यांचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे; त्याला ७६ ने गुणलं तर सव्वाचार फूटही भरत नाहीत, आणि असली रूळ चार फूट साडेआठ इंच!

काका भारतात कधीच आले नाहीत. माथेरानचं ७४० नंबरचं इंजिन लेटन बझर्डला आहे हे मात्र मला त्यांनीच सांगितलं, आणि दाखवायला घेऊनही गेले. १९०७ चं इंजिन, आमच्या घाटातलं, आणि मी ते पहिल्यांदा बेडफर्डशरात बघितलं. घाटातल्या वळणांवर खडी आम्ही दोघांनी चिकटवली. पातळ केलेला फेविकॉलसारखा गोंद, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब म्हणजे तो खडीत मुरतो, आणि ड्रॉपर. त्यात अख्खा हिवाळा गेला. माथेरानच्या वाटेवरच्या वन किस बोगद्याचं छत उचलता येईल असं कर, म्हणून ते हटून बसले होते. डोंगराला फट दिसेल म्हणून मी भांडले होते.

आज टाळ्या वाजल्या, कोणीतरी केक आणला होता. काकांनी तो बाजूला ठेवला, घाटाच्या रुळावरून बोट फिरवलं आणि बोटाचं टोक उजेडात धरून पाहिलं.

"कोणी पुसलं?"

मी, म्हटलं.

"बोगद्यातलं राहिलंय."

मी छत उचललं.