तुम्ही विचारलंत म्हणून: फोनवर उंची दिसते की!

पूरपट्ट्यातल्या जमिनीच्या उंचीचे नकाशे करते, असं सांगितलं की हमखास ऐकू येतं, ‘उंची फोनवर दिसते की. मग तुम्ही वेगळं काय करता?’

दिसते. पण कशाची उंची? फुकट मिळणाऱ्या नकाशांपैकी सगळ्यात जास्त वापरलेला एक, फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ अवकाशयानातल्या रडारने ११ दिवसांत टिपलेला. रडारची लहर बऱ्याचदा जमिनीपर्यंत पोचतच नाही, छपरावरून नाहीतर झाडोऱ्यातूनच परत फिरते. त्यात फेब्रुवारी म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडे ऐन ऊसतोड. काही फड मोकळे, काही दहा-बारा फूट उभे. वर ३० मीटरचा चौकोन, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांना मिळून एक आकडा.

शिरोळकडच्या पहिल्याच कामात मी पुराचं मॉडेल केलं, म्हणजे याच नकाशावर संगणकात पाणी सोडून पाहिलं, तर पुराच्या मधोमध एक कोरडं बेट दिसलं. जनावरं हलवायला झकास जागा! बघायला गेले, तर एक आजोबा हसायलाच लागले. “तितं कुटलं आलंय टेकाड? ऊस हाय त्यो.”

पुलांची तऱ्हा आणखी वेगळी. वरून बघणाऱ्याला पूल म्हणजे नदीत घातलेली आडवी भिंत. संगणक बिचारा वरच्या अंगाला तळं साठवत बसतो, तेव्हा नकाशात पुलाच्या कमानी हाताने उघडून द्याव्या लागतात. आणि रस्त्याचा भराव, जो खरोखर पाणी अडवतो, तो मात्र त्या नऊ गुंठ्यांत विरघळून जातो.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. मध्ये चारच फूट. तिथे माणसाच्या उंचीएवढी चूक घेऊन काय करायचं?

विमानातून लेसर मारला तर चूक अर्ध्या फुटावर येते. दाट उसात तोही अडखळतो, आणि सगळा ऊस एकाच वेळी तुटलाय असा दिवस आमच्या भागात उगवत नाही. मग उरते जुनी लेव्हल, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उभी पट्टी, आणि चिखलातली पायपीट.

त्याच आजोबांच्या सोप्यात २०१९ च्या पुराची रेघ आहे, खिळ्याने ओढलेली. बेंचमार्कपासून, म्हणजे उंची पक्की ठाऊक असलेल्या खुणेपासून, लेव्हल आणत तिथवर पोचलो. माझ्या मॉडेलमधलं पाणी त्या रेघेच्या नऊ इंच खाली निघालं. आजोबांनी स्टाफवरचा आकडा माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मी मॉडेल बदललं.