नर्सिंग की एक्स-रे?

रविवार, रात्री उशिरा

प्रवेशाच्या फॉर्मवर पहिली पसंती अजून रिकामीच आहे. आईचं मत नर्सिंग. मामाचं मत, "एक्स-रे घे, निवांत काम, बटण दाबायचं." मामाने आयुष्यात एकदाच एक्स-रे काढून घेतलाय, तोही दाताचा.

मी स्वतःही आतापर्यंत एक्स-रेकडेच झुकले होते. कारण सरळ होतं. मी बुजरी. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. मशीनशी बोलावं लागत नाही, असा माझा हिशोब. ओळखीने दोन्हीकडचं काम उभं राहून बघायला मिळालं आणि तो हिशोब डळमळला.

एक्स-रे रूममध्ये घरात पडलेल्या एका आजींना स्ट्रेचरवरून आणलं. खुब्याचा संशय. नुसत्या चादरीचा धक्का लागला तरी कळवळत होत्या. टेक्निशियन सर वाकून म्हणाले, "आजी, दुखरा पाय मी हलवणार नाही. मशीनच फिरवतो." आणि खरंच तसंच केलं. बाजूच्या फोटोसाठी चांगला पाय तेवढा वर उचलून आधारावर ठेवला, म्हणजे तो मध्ये येत नाही. प्लेट कडेला उभी केली, ट्यूब आडवी आणली, "आता अजिबात हलू नका," म्हणून आडोशाला गेले. काही सेकंदांत स्क्रीनवर चित्र. मांडीच्या हाडाची मान मोडलेली मलासुद्धा दिसली. आजींनी विचारलं, "मोडलंय का हो?" सर म्हणाले, "डॉक्टर बघून सांगतील." आवाज अगदी पहिल्यासारखाच. निदान सांगणं त्यांचं काम नाही, हे मला पटतं. पण तोंडावरची रेघही न हलवता ते पाळायचं, दिवसभर, एकामागून एक येणाऱ्या पेशंटसमोर! त्या आजींचं पुढे काय झालं, हे सरांना बहुधा कधीच कळणार नाही.

वॉर्डातलं काम उलट, संपतच नाही. सलाईन, औषधांच्या वेळा, लघवीचं माप, ज्याला हलता येत नाही त्याची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला प्रत्येक बेडची हकिगत सांगायची. एक सिस्टर चार्ट भरता भरता थांबल्या आणि कोपऱ्यातल्या काकांच्या छातीकडे घड्याळ लावून बघत राहिल्या. बीपी ठीक होतं, ताप नव्हता. "श्वास वाढलाय यांचा, सकाळी असा नव्हता," म्हणाल्या आणि डॉक्टरांना बोलावलं. तब्येत बिघडायला लागली की पुष्कळदा आधी श्वासाची गती बदलते, बीपी नंतर पडतं, हे त्यांनी मला जाता जाता सांगितलं. 'सकाळी असा नव्हता' हे मात्र सकाळपासून तिथे असलेलं माणूसच म्हणू शकतं.

रेडिएशनची भीती घरात सगळ्यांनाच आहे. ती उगाच नाही. राँटगेनने 1895 मध्ये क्ष-किरण शोधले, बायकोच्या हाताचा फोटो काढला, आणि पुढची काही वर्षं लोक मशीन नीट चालतंय का हे स्वतःच्याच हातावर तपासत बसले. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली तर आधी हात आणि मग 1904 मध्ये जीव गमावून बसला. आजचे नियम त्यातूनच आले: शिशाचा आडोसा, एप्रन, अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा छातीवरचा बॅज. कामगारासाठी आंतरराष्ट्रीय शिफारस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला जास्तीत जास्त 20 मिलिसिव्हर्टची (हे रेडिएशनच्या माऱ्याचं माप) आहे. शिवाय अंतर दुप्पट केलं की मारा चौथ्या हिश्श्यावर येतो. नीट काम करणाऱ्याला घाबरायचं कारण उरत नाही. नर्सच्या कमरेबद्दल मात्र घरात कुणी चकार शब्द काढत नाही! पेशंट उचलून उचलून गेलेली पाठ, बोटात घुसलेली वापरलेली सुई, हे धोके बॅजवर मोजले जात नाहीत.

पुढे वाढायला दोन्हीकडे वाव आहे. इकडे सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी; तिकडे आयसीयू, ऑपरेशन थिएटर, प्रसूती, शिकवणं. त्यावरून काही ठरत नाही.

ठरतंय ते माझ्या बुजरेपणावरूनच, पण उलट्या दिशेने. एक्स-रेवाल्याच्या हातात पाच मिनिटं असतात. तेवढ्यात दुखणाऱ्या, घाबरलेल्या, पूर्ण परक्या माणसाने त्याचं ऐकायला हवं. सरांना ते जमतं. मी पहिल्या पाच मिनिटांत कुणालाच पसंत पडत नाही; दुसऱ्या दिवसापासून लोक मला हाका मारायला लागतात. मला वेळ लागतो आणि वेळ वॉर्डात मिळतो. शिवाय त्या आजींचं ऑपरेशन झालं का, त्या उभ्या राहिल्या का, हे मला अजून छळतंय. इतकी भोचक मुलगी एक्स-रे रूममध्ये झुरून जाईल.

तर पहिली पसंती नर्सिंग, दुसरी रेडिओग्राफी. भरून टाकलं. उद्या मामाला फोन. तो पहिल्यांदा रात्रपाळीचं विचारणार. त्याला सांगायचंय की हाडं रात्रीही मोडतात, एक्स-रेवाल्यालाही रात्रपाळी चुकत नाही.