पैसे भरा आणि गुपचूप टाय लावा

पैसेवाली माणसं सुट्टीवर नक्की काय विकत घेतात, हे मला एकदा जवळून बघायचं होतं. आपलं कसं असतं, आपण सुट्टीत पैसे घालवतो ते कुणी आपल्याला काही बोलू नये म्हणून. उठा म्हणू नये, आवरा म्हणू नये, चपला कुठे काढल्या विचारू नये. वर्षभर ऐकून घेतलेलं असतं ना, मग चार दिवस तरी लोळू द्या की बाबा. पण त्याच्या वरचा जो मजला आहे तिथे उलटा कारभार चालतो आणि तो मी बघून आले.

झालं असं की नवऱ्याच्या पन्नाशीला त्याच्या कॉलेजच्या दोन मित्रांनी, दोघंही बरीच वर्षं तिकडेच आहेत, एडिंबराजवळ एक लक्झरी गोल्फचा दिवस बुक केला, म्हणजे हॉटेलच्या दारात काळी मर्सिडीज व्हॅन, सोबत दिवसभर गाईड, काठ्यांची बॅग उचलणारे कॅडी ठरवलेले, आणि खेळायला म्यूरफिल्ड. चौथा भिडू होता त्याची ऐनवेळी कंबर धरली. मग फोन आला, "वहिनी, तुम्हीच चला आता." मी पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर रविवारी खेळते, बरी खेळते, नवऱ्यापेक्षा पुट, म्हणजे भोकाजवळचा शेवटचा हलका फटका, नक्कीच चांगली मारते आणि हे तोही मान्य करतो, फक्त चारचौघात नाही. खर्चाचा आकडा इथे लिहीत नाहीये कारण सासूबाई माझं सगळं वाचतात.

आता म्यूरफिल्ड म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. क्लबचं पूर्ण नाव ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरा गोल्फर्स. 1744 मध्ये या लोकांनी लीथच्या मैदानावर स्पर्धा ठेवली आणि त्यासाठी तेरा नियम लिहून काढले, गोल्फचे सगळ्यात जुने लेखी नियम म्हणतात ते हेच. त्यातला एक मला भयंकर आवडतो, चेंडू पाण्यात किंवा 'पाणचट घाणीत' पडला तर उचलून मागे आणा, परत मारा आणि समोरच्याला एका फटक्याची सूट द्या. म्हणजे एवढी ऑनरेबल मंडळी, पण मैदानात चिखल, शेण काय काय असणार हे गृहीत धरूनच खेळायला उतरायची. पहिली स्पर्धा जिंकली ती जॉन रॅट्रे नावाच्या सर्जनने. हा पुढे बंडखोर राजपुत्र चार्ल्सच्या सैन्याबरोबर गेला, 1746 च्या कलोडनच्या लढाईनंतर पकडला गेला, आणि फासावर जायचा तो वाचला कारण त्याच्यासाठी रदबदली करणारा मोठा न्यायाधीश डंकन फोर्ब्स हा त्याचा गोल्फमधला दोस्त होता. क्लबची मेंबरशिप माणसं नेमकी कशासाठी घेतात ते तेव्हापासून तसं काही बदललेलं नाही.

क्लब लीथहून मसलबराला गेला आणि 1891 मध्ये गलन गावाजवळ आताच्या जागी आला. कोर्स त्या काळचा नामांकित गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिसने आखला. पुढच्याच वर्षी इथे ब्रिटिश ओपन, म्हणजे गोल्फमधली सगळ्यात जुनी मोठी स्पर्धा, झाली, आजवर सोळा वेळा झालीये. अमेरिकेचा जॅक निकलॉस 1966 मध्ये ती इथे जिंकला आणि त्याला जागा इतकी आवडली की पुढे अमेरिकेत ओहायोमध्ये स्वतःचा क्लब काढला त्याला नाव दिलं म्यूरफिल्ड व्हिलेज. एवढं सगळं असूनही गावातून आत वळायचा रस्ता असा साधा की गाईड नसता तर आम्ही सरळ पुढे निघून गेलो असतो.

गाईड म्हणजे एक साठीचे गृहस्थ, टोपी, लाल नाक, आवाज एकदम मऊ. मला वाटलं होतं की हे आता आपल्याला इतिहास सांगणार. तर व्हॅनमध्ये तासभर त्यांनी सांगितलं काय, तर काय करायचं नाही. मोबाईल बाहेर काढायचा नाही. कॅप घालून इमारतीत शिरायचं नाही. बूट कुठे बदलायचे ते मी दाखवीन, तोवर बदलू नका. सकाळी चौघं आपापल्या चेंडूने खेळाल, दुपारी जेवायला पुरुषांनी जॅकेट-टाय, बाईंनी त्या तोलामोलाचं काहीतरी, आणि जेवणानंतर परत एक राऊंड, पण तेव्हा दोघांत एकच चेंडू. आणि हळू खेळायचं नाही. नवऱ्याचा मित्र माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, एवढे पैसे भरून हे असं?" मी काही बोलले नाही पण मला आतून मजा यायला लागली होती. अहो, सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला हा सूर ओळखीचा असतो. दुकान एक ते चार बंद, चौकशी करू नये, बेल एकदाच वाजवावी. फरक एवढाच की आमच्याकडे ही पाटी फुकट वाचायला मिळते.

या बाबतीतली क्लबची कीर्ती जुनी आहे. 1980 मध्ये टॉम वॉटसन इथे ओपन जिंकला, आणि त्या संध्याकाळी तो आणि बेन क्रेनशॉ जुन्या काळच्या लाकडी दांड्याच्या काठ्या घेऊन गमतीत दोन होल, म्हणजे कोर्सच्या अठरा टप्प्यांपैकी दोन, खेळायला बाहेर पडले. तर क्लबचे सेक्रेटरी पॅडी हॅनमर तरातरा आले आणि त्यांना झापलं. म्हणजे काही तासांपूर्वी ज्याच्या हातात चषक दिला त्यालाच! हा किस्सा आमच्या गाईडने सांगितला तो अगदी अभिमानाने, आपल्याकडे एखाद्या खाणावळवाल्याने मंत्र्याला रांगेत उभं केलं की आपण कसं सांगतो तसा.

बाहेरच्या लोकांना आम्ही गेलो तेव्हा दोनच वार होते, मंगळवार आणि गुरुवार. यावर घरी महाचर्चा झाली, कारण मंगळवार माझा आणि गुरुवार त्याचा, त्या दिवशी आम्ही नॉनव्हेज खात नाही. आणि तिथलं जेवण प्रसिद्ध, त्यातही मांस. पन्नाशी त्याची म्हणून मंगळवार ठरला. असो.

कोर्सबद्दल लिहायचं तर मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं की तिथे बघण्यासारखं असं काही नाही. झाडं बाहेरच्या अंगाला, तळं नाही, कारंजं नाही, फुलांचे ताटवे नाहीत. नुसतं उंच गवत, वारा, आणि एका बाजूला फर्थ ऑफ फोर्थचं राखाडी पाणी. पण डोकं बघा, पहिले नऊ होल बाहेरून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात आणि पुढचे नऊ त्यांच्या आतून उलटे. त्यामुळे वारा सारखा कूस बदलतो, आत्ता पाठीवर होता तो दोन होलनंतर कानात शिरतो, आणि तुम्हाला एकदा जमलं म्हणून तेच परत करून चालत नाही. आणि बंकर! जवळपास दीडशे आहेत म्हणे. आपल्याकडचा बंकर म्हणजे वाळूची बशी. इथे खड्डा, आणि त्याची पुढची भिंत गवताच्या चकत्या एकावर एक रचून उभी केलेली. मी एकात उतरले तर भिंत माझ्या नाकापर्यंत आली आणि तिच्यावर ओलसर मुळं लोंबताना दिसली, वरचं सगळं जगच गायब झालं, फक्त वरून कॅडीचा आवाज, "मागे मारा." मी म्हटलं झेंडा तर पुढे आहे. "आहे ना. पण तुम्ही मागे मारा."

या कॅडीबद्दल मला खरं तर जास्त लिहायचंय. आमच्या पुण्याचा कॅडी चेंडू झुडपात गेला तरी "गुड शॉट मॅडम, थोडा उजवीकडे गेला" म्हणतो, त्याला पोट आहे, मेंबर नाराज होऊन चालत नाही. इथला कॅडी सत्तरीकडे झुकलेला, बॅग खांद्यावर, कार्ट वगैरे काही नाही, आणि पहिल्या दोन होलमध्ये माझे फटके बघून त्याने मनातल्या मनात माझी प्रतवारी करून टाकली. त्यानंतर मला विचारायचंच नाही. हातात काठी द्यायची आणि लांबवरची एखादी चिमणी दाखवायची, म्हणजे घराचं धुरांडं हो, त्यावर मारा. मी एकदा म्हटलं मला पाच नंबरची काठी दे, मी मारते सहज. त्याने सहा काढून दिली... नाही, चार काढून दिली, म्हणजे पाचपेक्षा लांब जाणारी, म्हणाला, "वारा आहे. आणि तुम्हाला वाटतं तेवढं लांब तुम्ही मारत नाही." एवढं स्पष्ट मला आईनंतर कुणी बोललं नव्हतं. चेंडू ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, जाऊन थांबला. पुट मारताना तर तो नुसता बोट टेकवायचा, इथून, आणि मी तिथून मारायचे. या माणसाने आख्खं आयुष्य त्या दोन-तीन कोर्सच्या उतारांवर घालवलंय, तुमची कंपनी कितीची आहे याच्याशी त्याला घेणं नाही. त्याचे पैसे वेगळे, रोख, शेवटी हातात. माझ्या मते त्या दिवसाच्या सगळ्या खर्चात वसूल झालेला हा एकच खर्च.

मग जेवण. नवऱ्याने टाय लावला, मी ट्राउझरवर खणाचं जॅकेट चढवलं, हिरवं, लाल काठाचं. दारातल्या गृहस्थांनी एकदा पाहिलं, आणि मान हलवली. पास! आत लांब टेबलं, भिंतीवर जुन्या कॅप्टनांच्या तसबिरी, आणि एक जण पांढऱ्या टोपीत मटणाचा भला मोठा तुकडा पातळ पातळ कापून वाढतोय. मी बटाटे, चीजमधला फ्लॉवर आणि दोनदा गोड. त्यानंतर छोट्या ग्लासात एक पांढरं पाणी आलं, क्यूमेल म्हणतात, इथल्या गोल्फवाल्यांचं आवडतं. नाकाजवळ नेलं तर अहो शहाजिरं! बिर्याणीचा डबा उघडल्यासारखा घमघमाट आणि मागून जाळ. मंगळवार मटणाचा असतो, शहाजिऱ्याचा नाही, असा निर्णय मी जागच्या जागी घेतला.

तसबिरी मात्र सगळ्या पुरुषांच्या, आणि त्या मला जेवताना दिसत राहिल्या. 2016 मध्ये या क्लबात बायकांना मेंबर करायचं की नाही यावर मतदान झालं. दोन तृतीयांश हवी होती, 64 टक्केच पडली. त्याच दिवशी ओपनवाल्यांनी सांगून टाकलं, मग तुमच्याकडे स्पर्धा नाही. 2017 मध्ये परत मतदान, या वेळी 80 टक्क्यांच्या वर होकार. मतपरिवर्तन फारच वेगात झालं म्हणायचं. 2019 मध्ये पहिल्या बारा बायकांना बोलावलं, 2022 मध्ये महिलांची ओपनसुद्धा इथे झाली, दक्षिण आफ्रिकेची ॲशली बुहाई जिंकली. पाहुणी म्हणून पैसे भरून बाई आधीही खेळू शकायची, हे गाईडने मला दोनदा सांगितलं, म्हणजे त्यालाही कुठेतरी टोचत असणार. मला त्यावरून आपलं मुंबईचं आठवलं. गोऱ्यांच्या क्लबात हिंदी माणसाला पाहुणा म्हणूनही मज्जाव, तेव्हा लॉर्ड विलिंग्डन गव्हर्नर असताना दोघांनाही चालेल असा क्लब काढला, आणि आज त्या विलिंग्डनमध्ये शिरायचं म्हटलं तर तुमच्या-माझ्यासारख्याने नुसतं हाजीअलीच्या सिग्नलला थांबून बघायचं. दार उघडलं की आत गेलेला माणूस पहिलं काम करतो ते दार ओढून घ्यायचं. आता मी त्याच टेबलावर बसून दुसरं गोड वाढून घेत होते, त्यामुळे जास्त बोलत नाही.

दुपारच्या राऊंडला फोरसम म्हणतात. दोघांची जोडी, चेंडू एक, एक फटका त्याचा, पुढचा माझा. क्लबातले मेंबर स्वतःही बहुतेक असंच खेळतात, भराभरा होतं म्हणून. आणि आमची जोडी अर्थातच नवरा-बायको. लग्नाला जेवढी वर्षं झाली त्यात आम्ही गाडी एक वापरली, टूथपेस्ट एक वापरली, पण चेंडू एक कधी वापरला नव्हता. त्याने जोरात मारून तो गवतात घालायचा आणि मी जाऊन तो शोधून काढायचा, म्हणजे तसं रोजचंच. पण यात एक रिवाज आहे, जोडीदाराला सॉरी म्हणायचं नाही. गाईडने आधीच बजावलेलं. सॉरी म्हटलं की दुसऱ्याला "अरे असू दे" म्हणावं लागतं आणि दोघांचाही फटका बिघडतो. आमच्या घरात तसा हा नियम एकतर्फी आधीपासून लागू आहे, पण दोन्हीकडून पाळला तर काय होतं ते त्या दुपारी दिसलं. कोणी काही बोलेना. त्याने बंकरमध्ये घातला, मी उतरले, मागे मारला. मी चार फुटांची पुट सोडली, तो पुढच्या टीकडे, म्हणजे पुढचा होल सुरू होतो तिकडे, चालायला लागला. आणि खेळ काय सुधारला! शेवटाकडे तर आम्ही त्या दोघा मित्रांच्या पुढे होतो, जे एकमेकांना प्रत्येक फटक्यामागे सॉरी यार, सॉरी यार करत होते.

संपल्यावर बाजूच्याच ग्रेवॉल्समध्ये चहा होता, तेही पॅकेजात. हे घर 1901 मध्ये एडविन लच्यन्सने बांधलं, आपल्या नव्या दिल्लीवाल्या लच्यन्सने. ज्यांनी बांधून घेतलं त्यांना अठराव्या ग्रीनपासून एका फटक्यावर घर हवं होतं. हौस बघा. आता हॉटेल आहे, स्कोन छान होते, साय त्याहून छान.

तिथे नवऱ्याच्या मित्राला चेव आला. त्याने गाईडला विचारलं, पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या ऑगस्टा क्लबात खेळायचं जमवता का, पैशाचं बघू. गाईड हसले, म्हणाले, बघायचं तिकीट जमवता येईल, खेळायचं झालं तर तिथला मेंबर ओळखीचा लागतो, तुमच्या ओळखीत कोणी आहे का? कोणीच नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला, "मग इथेच येऊ परत. पण दुपारच्या राऊंडला वहिनी माझ्या पार्टनर."

नवरा म्हणाला, "चालेल. फक्त सॉरी म्हणू नकोस, हात उचलते ती."