साहेब टूरवर असतात तेव्हा

मंगळवार, रात्री साडेदहा

दादाची बीपीची वही चाळली आणि झोप उडाली. रोजचं दुपारी चारचं रीडिंग, ऑफिसातच घेतलेलं. साहेब टूरवर होते ते तीन दिवस वरचा आकडा 126, 128, 124. बाकी दिवशी 140च्या खाली एकदाही नाही. त्या दिवसांपुढे कोपऱ्यात बारीक अक्षरात नुसतं ‘सा.’ लिहिलंय. मी त्याला काही विचारलं नाही.

मोजताना किती काळजी घ्यायची! आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. पट्टा तोकडा असला तर आकडा उगाच चढतो, तेही बघायचं. हे सगळं बघितलं. आज डोक्यावर कोण होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

इंग्लंडमधल्या नर्सिंग सहायक बायकांवरचा 2003चा अभ्यास आठवतो. दंडाला मशीन बांधून दर अर्ध्या तासाने बीपी घेतलं होतं. बाई तीच, काम तेच. नकोशा सुपरवायझरच्या हाताखाली वरचा आकडा सरासरी 15ने जास्त, खालचा 7ने. पंधरा! एका गोळीने बहुतेकदा इतकं उतरतही नाही.

स्टॉकहोममध्ये 3,122 पुरुषांना साहेबांबद्दल विचारलं होतं: काय करायचं ते नीट सांगतात का, माहिती देतात का, जबाबदारीइतके अधिकार देतात का. पुढे दहाएक वर्षं लक्ष ठेवलं. साहेबांना चांगले गुण देणाऱ्यांत हृदयविकार कमी निघाला. सिगारेट, वजन, व्यायाम हिशेबात धरूनसुद्धा. एकाच ठिकाणी जितकी जास्त वर्षं, तितका फरक ठळक.

दादाला तिथे चौदा वर्षं झाली.

घरातल्या सगळ्यांची दुखणी शेवटी माझ्याच पुढ्यात का येतात? आईचे गुडघे, आणि ते दुसरं... जाऊ दे.

साहेब काही बदलणार नाहीत, आणि नोकरी सोड म्हणणं मला सोपं आहे, त्याला नाही. पण शनिवारी सुट्टीत दवाखान्यात गेला तर 126 येईल आणि सगळं ठीक म्हणून परत येईल. कामावर चढणारं बीपी असंच लपून राहतं. वही सोबत द्यायची आणि चोवीस तासांचं मशीन मागायचं. दिवसाची सरासरी 135/85 किंवा वर गेली तर ते बीपीच. रात्री दहा ते वीस टक्के उतरतं का, तेही त्यात कळेल.

रजेच्या दिवशी बांधून उपयोग नाही. शुक्रवारी बांधू. शुक्रवारी साहेब असतात.