आमची वाटचाल : व्याख्या नंतर, निर्णय आधी

आमचा व्यवसाय छोटा आहे. महाविद्यालयात पहिल्यांदाच अर्थशास्त्र आणि वाणिज्याच्या पायाभूत संकल्पना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही अभ्यासपुस्तिका लिहितो, छापून घेतो आणि विकतो. सुरुवातीपासून एकच आग्रह धरला : धडा व्याख्येने उघडायचा नाही. पहिल्याच पानावर कुणीतरी काहीतरी ठरवायला बसलेलं असलं पाहिजे. माहिती अपुरी, वेळ थोडा, आणि ठरवल्यावाचून सुटका नाही. ती अडचण विद्यार्थ्याला आपली वाटली की संकल्पना तो स्वतःच मागतो.

असे प्रसंग शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. ते आमच्या हिशेबाच्या वह्यांतच होते.

आम्ही दोघे भागीदार आधी नोकरीत होतो, शिकवत होतो. नोकरी सोडायची की नाही हे ठरवताना जो कागद मांडला, तोच पुढे संधी खर्चाचा धडा झाला. व्यवसायात घातलेल्या बचतीवर व्याज मिळालं असतं, आमच्या वेळेचा पगार मिळाला असता. या दोन्ही रकमा कुणालाही द्याव्या लागत नाहीत, म्हणून त्यांची पावती नसते आणि त्या हिशेबवहीत दिसत नाहीत. पण त्या खर्चच आहेत. वहीतला नफा हा लेखांकनाचा नफा. त्यातून या सोडून दिलेल्या रकमा वजा केल्या की राहतो तो आर्थिक नफा. आमच्याकडे सुरुवातीची काही वर्षं पहिला आकडा धन आणि दुसरा ऋण होता. तरीही आम्ही थांबलो नाही, कारण हे काम आम्हाला करायचं होतं आणि पुढच्या वर्षांचा अंदाज चांगला होता. विद्यार्थ्यांना आम्ही हेही सांगतो, की आर्थिक नफा ऋण असणं म्हणजे व्यवसाय बंद करण्याचा हुकूम नव्हे. आपण काय सोडून काय घेतोय हे तो आकडा स्पष्ट करतो, एवढंच.

पहिली आवृत्ती किती प्रतींची काढायची, या प्रश्नाने आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं. पुस्तकाच्या धंद्याचं वैशिष्ट्य असं की बहुतेक खर्च पहिली प्रत निघण्याआधीच होऊन जातो. लेखन, संपादन, अक्षरजुळणी, आकृत्या, मुद्रितशोधन हा सगळा स्थिर खर्च. शंभर प्रती काढा की दहा हजार, तो तेवढाच. कागद, छपाई, बांधणी आणि वाहतूक प्रतींबरोबर वाढते, तो बदलता खर्च. त्यात ऑफसेटला प्लेट आणि यंत्राची जुळवणी आधी करावी लागते, मग प्रत स्वस्त पडते. डिजिटल छपाईत जुळवणीचा खर्च नगण्य, पण प्रत महाग. म्हणजे छपाईची पद्धत निवडताना आपण किती खर्च स्थिर ठेवायचा आणि किती बदलता, हेच निवडत असतो. मागणीचा भरवसा नसेल तर डिजिटल, असेल तर ऑफसेट.

वर्गात आम्ही हे सोयीच्या आकड्यांनी मांडतो. स्थिर खर्च ६०,०००. विक्रेत्याचं कमिशन जाऊन एका प्रतीमागे हाती येतात १००, आणि बदलता खर्च आहे ४०. प्रत्येक प्रत ६० चं अंशदान देते, म्हणजे बदलता खर्च जाऊन तेवढे स्थिर खर्च भरून काढायला उरतात, म्हणून १,००० प्रती विकल्या की ना नफा ना तोटा. इथवर सगळे येतात. मग आम्ही विचारतो, किंमत कमी करून हाती येणारी रक्कम ९० केली तर? अंशदान ५० वर येतं आणि स्थिर खर्च भरून काढायला १,२०० प्रती लागतात. दहा टक्क्यांच्या कपातीसाठी वीस टक्के जास्त विक्री, तीही केवळ होतो तिथेच राहण्यासाठी!

लवचिकतेचं, म्हणजे किंमत बदलल्यावर मागणी किती बदलते याचं, सूत्र पाठ असलेले विद्यार्थी इथे थबकतात, आणि मला तो क्षण फार आवडतो. मागणी लवचिक असेल तर किंमत उतरवल्यावर एकूण उत्पन्न वाढतं, हे त्यांनी वाचलेलं असतं. इथेही ते वाढलंच आहे, १,००,००० वरून १,०८,००० झालं. नफा मात्र जागचा हलला नाही, कारण जादा २०० प्रती छापायला ८,००० लागले. उत्पन्न वाढणं आणि नफा वाढणं यांच्यामध्ये बदलता खर्च उभा असतो. ॲल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली लवचिकतेची कल्पना नेमकेपणाने मांडली. पण तिला खर्चाशेजारी बसवल्याशिवाय व्यावसायिकाला तिचा उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि आमच्या मालाची लवचिकता तरी सोपी कुठे आहे? पुस्तक सुचवतात शिक्षक, पैसे देतो विद्यार्थी, त्यामुळे किंमतीकडे थोडं दुर्लक्ष होतं. उलट जुनी प्रत आणि ग्रंथालय हे पर्याय हाताशी असतात, ते लवचिकता वाढवतात. अंदाज करावाच लागतो, आणि दर सत्रानंतर तपासावा लागतो.

दुसरा मोठा धडा रोखीचा. सत्र सुरू होण्याआधी कागदवाल्याचे आणि छापखान्याचे पैसे द्यायचे. पुस्तकं जातात उधारीवर, पैसे येतात सत्र सरत आल्यावर, आणि न खपलेल्या प्रती परत येतात त्या वेगळ्याच. साठा सरासरी ६० दिवस पडून, विक्रेत्यांकडून वसुली ९० दिवसांनी, आपल्याला मिळणारी उधारी ३० दिवसांची, असं धरलं तर १२० दिवस पैसा अडकलेला. तेवढं खेळतं भांडवल हवंच. नफा-तोटा पत्रकात नफा आणि बँकेत खडखडाट, हे एकाच महिन्यात घडू शकतं आणि दोन्ही नोंदी बरोबर असतात. प्रत गेली त्या दिवशी विक्रेता नावे, विक्री जमा; पैसे आले त्या दिवशी बँक नावे, विक्रेता जमा. लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ही द्विनोंदी पद्धत समजावून सांगितली, आणि तिथले व्यापारी ती त्याआधीपासून वापरत होते. उधारीवर चालणाऱ्या व्यापाराला तिची निकड का भासली असेल, हे आमच्या सत्राअखेरच्या येणे-यादीकडे पाहिलं की कळतं.

अभ्यासक्रम बदलतो तेव्हा जुन्या आवृत्तीचे गठ्ठे उरतात. त्यांवर झालेला खर्च बुडीत. विचार फक्त आता त्यांचे किती येतील आणि ठेवायला किती जातील याचा करायचा. हा धडा दोन पानांचा आहे, वाढवायची गरज वाटली नाही.

माणसं वाढली तेव्हा कामाची वाटणी करताना अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली मांडलेलं तुलनात्मक लाभाचं तत्त्व उपयोगी पडलं : एखादं काम करताना ज्याचं दुसरं काम कमी मागे राहतं, त्याने ते करावं. धड्यासाठी आकडे असे घेतले : भागीदाराला एका प्रकरणाचं संपादन करायला ४ तास, नव्या सहकाऱ्याला १२, आठवड्याचे हिशेब भागीदाराला २ तास, सहकाऱ्याला ३. दोन्ही कामांत भागीदार सरस. तरी हिशेब सहकाऱ्याकडेच द्यावेत, कारण भागीदार हिशेब करतो तेव्हा अर्धं प्रकरण मागे राहतं, सहकारी करतो तेव्हा पाव. विद्यार्थी हे देशांच्या व्यापारावर शिकतात आणि विसरतात. एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या माणसांवर शिकले की लक्षात ठेवतात.

स्वतःचं छपाई यंत्र मात्र आम्ही घेतलं नाही. रोनाल्ड कोस यांनी १९३७ च्या निबंधात विचारलं होतं, बाजारात सगळं विकत मिळतं तर मुळात संस्था उभ्या का राहतात? त्यांचं उत्तर होतं की बाजार वापरण्यालाही खर्च येतो : भाव काढणं, बोलणी, करार, देखरेख. छपाईच्या कामात आमचा हा खर्च कमी आहे, नमुना ठरलेला आणि दर्जा डोळ्यांना दिसणारा. संपादनाचं तसं नाही. चांगलं संपादन करारात लिहून देता येत नाही, म्हणून ते घरातच ठेवलं.

सध्या डिजिटल आवृत्तीचं काम सुरू आहे. जादा प्रतीचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य, पण पहिल्या प्रतीचा खर्च पूर्वीइतकाच, त्यामुळे सीमान्त खर्चाइतकी किंमत ठेवली तर तो कधीच भरून निघणार नाही. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना एक दर आणि एकेका विद्यार्थ्याला त्याहून बराच कमी दर, असा विचार आहे. भेदात्मक किंमत टिकायची तर स्वस्तात घेतलेली प्रत महाग बाजारात फिरता कामा नये; ती अट कशी पाळायची यावर आमच्यात अजून वाद आहे. दोन्ही बाजूंचे हिशेब आम्ही जसेच्या तसे नव्या धड्यात छापतो आहोत, आमचा निर्णय शेवटच्या पानावरही न देता.